ताईने केलं म्हणून

दाताचे डॉक्टर गाडी चालवताना सतत बोलत. खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलत राहिलं की त्याची भीती कमी होते, हा त्यांचा धंद्यातला अनुभव होता, आणि स्टिअरिंगमागे बसल्यावर ते तोच उपाय स्वतःवर करत. त्या दिवशीही बाजाराच्या चौकातून गाडी काढता काढता त्यांनी आधी हवामान घेतलं, मग शेजाऱ्यांचा कुत्रा घेतला, आणि मग सहज म्हणाले की मॅडम, आमचे चिरंजीव हल्ली रविवारी सकाळी त्या बंद पडलेल्या दगडखाणीवर जातात, तुमचे बंधूही असतात म्हणे तिथे, आणि येत्या रविवारी तुमचे बंधू थेट तिसऱ्या वळणाला हात घालणार आहेत म्हणे.

गाडी चौकाच्या मधोमध गचकन थांबली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, आणि मॅडमनी त्या दोन्हींवर अंगातला सगळा जोर घातला होता. मागच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून दोघांच्याही पूर्वजांची चौकशी केली. डॉक्टरांनी घाबरून विचारलं की माझं काय चुकलं. मॅडम म्हणाल्या, काही नाही, तुम्ही छान चालवत होतात. हे धादांत खोटं होतं, पण त्या वेळी त्यांचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं.

या मॅडम म्हणजे घरातली ताई. वय अठ्ठावीस. तिच्या हाताखाली शिकलेला माणूस रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना तीनदा आरशात बघतो, असा तिचा गावभर लौकिक होता. आठ वर्षांपूर्वी मात्र तिचा लौकिक निराळाच होता. तेव्हा पोरं तिला ‘तुफान’ म्हणत, आणि खाणीतला तो खेळ, ज्याच्या नुसत्या उल्लेखाने तिने भर चौकात गाडी थांबवली, तो तिनेच काढलेला होता.

खेळ सांगायला सोपा आहे. खाणीच्या काठापासून तळापर्यंत ट्रकसाठी खोदलेला एक कच्चा रस्ता आहे आणि त्याला तीन वळणं आहेत. मोटारसायकल काठावर आणायची, चावी चालू ठेवायची पण इंजिन बंद करायचं, आणि गाडी नुसत्या उतारावर सोडून द्यायची. ब्रेकला हात किंवा पाय लागला की मागचा लाल दिवा पेटतो. दिवा पेटला की बाद. जो सगळ्यात खाली जाऊन बाद होईल तो शहाणा, म्हणजे खरं तर सगळ्यात मूर्ख, पण वीस वर्षांच्या वयात या दोन शब्दांत फार अंतर नसतं. दिवा पेटला की नाही हे बघायला एक जण आपल्या गाडीवर मागोमाग उतरतो, त्याला ‘डोळा’ म्हणतात. डोळ्याने इंजिन चालू ठेवायचं आणि ब्रेक हवे तितके दाबायचे, त्याला कोणी हसत नाही. इतक्या वर्षांत दिवा न पेटवता तळापर्यंत गेलेली एकच व्यक्ती होती आणि ती आता लोकांना ब्रेक दाबायला शिकवत होती. मागच्याच महिन्यात एका पोराने दुसऱ्या वळणावर मांडीचं हाड मोडून घेतलं होतं.

धाकट्या भावाचं घरातलं नाव बारक्या. हे नाव ठेवलं तेव्हा तो खरोखरच मुठीएवढा होता. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं लागेपर्यंत वाढला, दाढीही अशी भरघोस आली की त्यात चमचा हरवावा, पण नाव काही वाढलं नाही. ताईपेक्षा तो आठ वर्षांनी लहान. आणि त्याच्या आयुष्याचा सगळा कारभार पहिल्यापासून एकाच कलमावर चाललेला होता: ताईने केलं म्हणून.

ताईने बाबांच्या कात्रीने केस कापले, की दुसऱ्या दिवशी याच्या डोक्यावर उंदीर फिरून गेल्यासारखं. ताई छपरावरून शेजारच्या गच्चीवर उडी मारे, म्हणून यानेही मारली आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत गुंडाळला जाऊन वाचला. ताईने कॉलेज बुडवायला सुरुवात केली तेव्हा हा चौथीत होता, तर यानेही शाळा बुडवली, आणि शाळा बुडवून जायचं कुठे हे न कळल्यामुळे ताईच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये दप्तर मांडीवर घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसला. आईबाबांनी यावरून एक सोयीचा नियम काढला होता. दोघांना ओरडायची गरज नाही, थोरलीला सरळ केलं की धाकटा आपोआप सरळ होतो. त्यामुळे याच्या खोड्यांबद्दल बोलणी कायम तिने खाल्ली. दूध त्याने पीत नाही म्हणायचं आणि पेला तिने संपवायचा. ताईला या नियमाचा मनस्वी राग होता आणि नियम खराही होता, म्हणून जास्त राग होता.

ताई पुढे वळणावर आली. खाण सुटली, नोकरी लागली, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय ती गाडीची चावीसुद्धा उचलेना. आईबाबा निवांत झाले, म्हणाले आता याची पाळी. पण नियम इथे पहिल्यांदा फसला. बारक्या नक्कल करत होता ती समोरच्या ताईची नव्हतीच, तो वीस वर्षांच्या ताईची करत होता. समोरची ताई त्याच्या दृष्टीने कोणीतरी मॅडम होती, जी त्याच्या ताईच्या कपड्यांत राहत होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो मागच्या पडवीत मोटारसायकलच्या साखळीला तेल घालत बसला होता. ताईने रस्त्यात काय काय बोलायचं ते घोळवून ठेवलं होतं, पण ऐनवेळी तिच्या तोंडून वाहतुकीच्या नियमांचं पहिलं पान बाहेर पडलं. बारक्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाला,

“ताई, हा खेळ काढला कोणी?”

ताईने चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

“तू वीसची होतीस. मी आता वीसचा आहे. तेव्हा तुला कोणी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?”

ताईने मनात प्रामाणिकपणे शोध घेतला आणि उत्तर नाही असं आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तो उघड म्हणाला नाही, पण साखळीला घातलेल्या पुढच्या थेंबात ते सगळं होतं.

आता ताईच्या मनातलं सांगितलं पाहिजे. तिला तो हरेल की जिंकेल याचं काही नव्हतं. तिला एकच गोष्ट दिसत होती, तिसऱ्या वळणावरची सुटी खडी. तिच्या वेळी तिथे खडी नव्हती, पक्का मुरूम होता, आणि तरी ती तळाला पोचली ती नशिबाने. तळाशी दगडाच्या भुकटीचा ढीग होता, त्यात ती कमरेपर्यंत रुतली, म्हणून आज पगार घेत होती. ही गोष्ट तिने कितीदा सांगितली, पण सांगताना तिचाच चेहरा असा उजळे की ऐकणाऱ्याला फक्त ढीग गमतीचा वाटे. ती रात्रभर तळमळली. तिला भावासाठी भीती वाटत होती आणि स्वतःचा संताप येत होता.

सकाळी चहा ढवळताना तिला सिगारेट आठवली. एकोणिसाव्या वर्षी ती महिनाभर सिगारेट ओढत होती. आई रडली, मावशी बोलली, काही उपयोग झाला नाही. मग एका संध्याकाळी बाबा गच्चीवर आले, तिच्या पाकिटातून एक काढून तिच्याशेजारी बसले, दोन झुरके घेतले आणि म्हणाले की बरी आहे, पण जरा सौम्य आहे, आपण उद्यापासून दुसरी आणू. आपण, म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने सिगारेट सोडली. बापाबरोबर बसून करायची गोष्ट म्हटल्यावर त्यातला जीवच गेला होता.

ताईने कप खाली ठेवला. थरार मारायचा तर त्याला विरोध करायचा नाही. घरच्या माणसांना त्यात घालायचं.

ही युक्ती आईबाबांना पटवायला वेळ लागला नाही, हीच खरं तर काळजीची गोष्ट होती. बाबांचं काचेचं दुकान. तीस वर्षं काच कापूनही दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला या धंद्यातला आपण एकमेव माणूस, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन्ही पंजे पसरून दाखवत. सुरक्षितता म्हटलं की त्यांच्या अंगात येई. आई सोफ्यांची कव्हरं शिवायची. तिने उरलेला फोम बाहेर काढला आणि त्याच दुपारी गुडघ्यांचे, कोपरांचे आणि एक बसण्याच्या जागेचा असे पट्टे शिवून टाकले. कापड तेवढं मोठ्या गुलाबी फुलांचं निघालं, कारण कोणाच्या तरी दिवाणखान्यातलं तेच शिल्लक होतं. ताईने स्कूलमधला लोखंडी फळा आणला, त्यावर खाणीचा रस्ता काढला आणि चुंबकाची छोटी गाडी वळणावळणाने सरकवत जेवणाच्या टेबलाशी भावाची शिकवणी घेतली. बाबांनी मध्येच हात वर करून शंका विचारली. बारक्या भाताच्या ताटात बघत बसला होता, आणि त्याचे कान लाल झालेले पाहून ताईला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

रविवारी सगळं घर खाणीवर हजर. आई चहाचा थर्मास घेऊन, बाबा पिवळं चकाकणारं जाकीट घालून, ताई फळा घेऊन. बारक्या गुलाबी फुलांत. पोरांच्या घोळक्याने दोन पावलं मागे सरून त्यांना वाट करून दिली. बारक्याने गाडी सोडली तेव्हा काठावरून आई ओरडत होती की हळू जा रे, आणि बाबा ओरडत होते की पाठ सरळ. पहिल्याच वळणावर लाल दिवा पेटला. बारक्या बाद. ताईला वाटलं की देव जरी समोर आला तरी आता याहून जास्त काही मागू नये.

पण करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ही म्हण काय उगाच नाही. पोरांना लाज वाटण्याऐवजी गंमत वाटली. आईचा थर्मास क्षणात रिकामा झाला. दाताच्या डॉक्टरांच्या चिरंजिवांनी आईला अदबीने विचारलं की काकू, ते गुडघ्याचं माझ्यासाठी शिवाल का, शक्यतो निळी फुलं असतील तर. आठवडाभरात आईचं सोफ्यांचं काम मागे पडलं. आणि ज्या आयांनी पोरांना खाणीवर जायला बंदी केली होती त्या म्हणू लागल्या की अहो, त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडम जातीने असतात तिथे, फळ्यावर समजावून सांगतात, तेव्हा चांगलंच काहीतरी असणार. पूर्वी खाणीवर दहाबारा पोरं जात. आता सगळा गाव जायचं म्हणत होता, आणि दाताच्या डॉक्टरांनी तर घडीची खुर्ची विकत घेतली.

इकडे बारक्या आईबाबांच्या देखत पहिल्याच वळणावर बाद झाल्यामुळे पेटून उठला होता. त्याने जाहीर केलं की पुढच्या रविवारी तिसरं वळण नाही, थेट तळ. ताईने केलं तसं. ताईने हे ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. भूत उतरवायला गेली आणि दोन चढवून आली.

शनिवारी संध्याकाळी आई मशीनवर निळ्या फुलांचे गुडघे शिवत होती आणि ताई शेजारी दोरे तोडत बसली होती. मी त्याला काय सांगू, असं ताईने कितव्यांदा तरी विचारलं. आईने मशीन थांबवलं.

“सांगून त्याने कधी काही केलंय? तू जिंकलेलं त्याने पाहिलंय. तुला हरलेलं त्याने पाहिलं नाही.”

आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

ताईला ते लागलं, कारण ते खरं होतं. त्याच्या डोळ्यांसमोरची ती वीस वर्षांची पोरगी पडल्याशिवाय तो थांबणार नव्हता, आणि तिला पाडू शकेल अशी जगात एकच बाई होती. सगळ्यांच्या देखत, पहिल्या वळणावर, ब्रेक दाबायचा. लाल दिवा पेटू द्यायचा. लोक म्हणतील तुफान संपलं. म्हणू देत. खरं सांगायचं तर तिला याचं फार वाईट वाटलं. मॅडम म्हणून ती चांगली होती, पण तशा चांगल्या मॅडम पुष्कळ असतात. तळापर्यंत गेलेली ती एकटीच होती. ते एवढंसं तिचं स्वतःचं होतं, आणि रविवारी सकाळी ते ती भावावरून ओवाळून टाकणार होती.

रविवारी खाणीच्या काठावर खुर्च्या मांडलेल्या होत्या. ताईने डॉक्टरांच्या चिरंजिवांची मोटारसायकल मागून घेतली आणि आधी मी उतरते म्हणाली. घोळक्यातून असा काही आवाज उठला की बाबांनी दचकून आपली बोटं खिशात घातली. बारक्याचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. आठ वर्षांपूर्वी हरवलेलं माणूस दारात उभं राहावं तसा तो बघत होता. डोळा मी होणार, तो म्हणाला, दुसरं कोणी नाही, आणि आपली गाडी तिच्या मागे लावून उभा राहिला.

ताईने चावी फिरवली, इंजिन बंद ठेवलं आणि पाय उचलले.

पहिलं वळण येईपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं. तिने मनात स्वतःलाच सूचना दिल्या, जशा ती रोज देते: आता ब्रेक, हलकेच, आता. आठ वर्षं दिवसाकाठी शेकडो वेळा तिचा पाय या सूचनेवर खाली गेला होता. आज तो गेला नाही. इंजिनाचा आवाज नव्हता, फक्त चाकांखालची माती आणि कानांतून वाहणारा वारा होता, आणि तिच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. शेजारी कोणी घाबरलेला माणूस नव्हता. कोणाला काही समजावून सांगायचं नव्हतं. ताईला आनंद झाला, इतका साधा आणि इतका मोठा, की तिला भाऊ, आई, खुर्च्या, काही म्हणजे काही आठवेना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही धड जळलेला नव्हता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. वर काठावर लोक ओरडत होते. तिसऱ्या वळणाशी तिला खडी दिसली, आणि तेव्हा तिला सगळं एकदम आठवलं.

तिने तेव्हाही ब्रेक दाबला असता. पण खडीवर ब्रेक दाबायचा नसतो हे तीच रोज शिकवत होती. पुढचं चाक एका बाजूला गेलं, ती दुसऱ्या बाजूला, आणि मोटारसायकल कोणाचीच नसल्यासारखी एकटी तळाशी जाऊन पोचली, दिवा न पेटवता.

ताई पाठीवर पडून आभाळ बघत होती. डावं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं आणि अजून दुखायला लागलं नव्हतं. वरून गाडी फेकून दिल्याचा आवाज आला आणि मग धावत येणारे पाय. बारक्या तिच्याजवळ गुडघ्यांवर आदळला. त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता आणि दाढीसकट सगळा चेहरा थरथरत होता.

“ब्रेक होता ना तुझ्याकडे?” तो म्हणाला. “मी दिव्याकडेच बघत होतो. आता पेटेल, आता पेटेल म्हणत होतो. का नाही दाबलास? ब्रेक होता ना?”

ती म्हणाली की दाबणार होते. तो पुन्हा तेच म्हणाला, ब्रेक होता ना, आणि मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडायला लागला. ताईला त्याला थोपटायचं होतं, पण मोडलेला हात नेमका त्याच बाजूचा होता.

मग सगळा गाव खाली आला. बाबांनी आधी तिची बोटं मोजली, दहा भरली तेव्हा श्वास सोडला. डॉक्टरांनी सवयीने आधी दात तपासले आणि ते उत्तम आहेत म्हणून सांगितलं. कोणीतरी वरून विचारलं की आता कोणाची पाळी. बारक्याने मान वर करून त्या दिशेला असं काही पाहिलं की लोकांनी आपापल्या खुर्च्या घडी घालायला घेतल्या. डॉक्टरांचे चिरंजीव आपल्या मोटारसायकलचे अवशेष गोळा करत होते.

इस्पितळात न्यायला वर स्कूलची गाडी उभी होती, पण ती चालवणार कोण? आईबाबांना येत नव्हती. बारक्याला दोनच चाकांची सवय होती आणि बाकीचा गावही दोन चाकांवरच आला होता. राहता राहिले दाताचे डॉक्टर, लर्निंग लायसन्सवाले. ते मागे बसायला निघाले होते, त्यांना धरून पुढे बसवलं. शेजारच्या जागेवर ताई बसली, कारण तिचे दोन्ही पाय शाबूत होते आणि क्लच-ब्रेक तिच्याकडेही होते. अशी ती वरात निघाली. डॉक्टर भीतीने अखंड बोलत होते, ताई दात आवळून त्यांना गिअर सांगत होती, आणि मागून बारक्या बोलत होता.

तो असा बोलला की आईबाबा दोन्हीकडे खिडकीला चिकटून बसले. तुला कळतं का, म्हणाला. एवढी मोठी झालीस, म्हणाला. तुझ्या मागे घर आहे, माणसं आहेत, काही झालं असतं तर यांनी कोणाकडे बघायचं होतं? त्याला श्वास घ्यायला सवड नव्हती. ताईला यातलं एकेक वाक्य ओळखीचं होतं, आठ वर्षांपूर्वी हीच सगळी तिने ऐकली होती, आणि तेव्हा तिला ती चिडलेल्या माणसांची वाटली होती. आज तिच्या लक्षात आलं की ती घाबरलेल्या माणसांची असतात. तिने आरशात पाहिलं. तो डोळे पुसत होता आणि बोलणं मात्र थांबवत नव्हता.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने मागे न बघता विचारलं की पुढच्या रविवारी काय करणार आहेस.

“तू जाणार आहेस का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“कधीच नाही?”

 दुसऱ्या वळणावरचा तो वारा अजून तिच्या कानांत होता, आणि तो सोडायचा म्हणजे काय सोडायचं हे तिला आज कालच्यापेक्षा नीट माहीत होतं.

“कधीच नाही,” ती म्हणाली.

“मग मी कशाला जाऊ,” बारक्या म्हणाला, आणि पुन्हा रागवायला लागला.

इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत एकालाच आत सोडत होते. आई उठली, बाबा उठले, पण बारक्या आधीच आत जाऊन उभा होता. प्लास्टर घालणारा म्हातारा माणूस ओल्या पट्ट्या गुंडाळत होता आणि बारक्याचं चालूच होतं. हात हलवू नकोस. इकडे बघू नकोस, तिकडे बघ. दुखतंय का? दुखणारच. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, मी स्वतः बघणार आहे. म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने पट्टीचं टोक दाबून बसवलं आणि ताईला विचारलं,

“थोरले भाऊ का?”

बारक्या बोलायचा थांबला. तिचं हेल्मेट दोन्ही हातांनी छातीशी धरून तो उभा होता, डोळे सुजलेले, दाढीत खाणीची माती.

“हो,” ताई म्हणाली.

“मग ऐकत जा त्यांचं,” म्हातारा म्हणाला.

ताई बरं म्हणाली.